सोवळ्याच्या वळणीवरचा झगा

ज्या दयाघनाला मी नारायण म्हणून आळवतो आणि सिस्टर फिलोमिना प्रभू म्हणून आळवीत, त्याला वंदन करून, त्यांच्या निधनानंतर महिन्याने हे स्मरण लिहीत आहे. त्यांच्या केडगावच्या मठातून निरोप आला तेव्हा मी पूजेला बसलो होतो... घंटा हातातच राहिली.

सिस्टर सुप्याकडच्या शेतकरी घरातल्या. रुग्णसेवेचे व्रत घेतलेल्या. माझ्या आईच्या पायाची मधुमेहाची जखम चिघळली होती. रोज सकाळी ती धुऊन बांधली नाही तर पाय काढावा लागेल, असे डॉक्टरांनी बजावले. सिस्टर स्कूटरवरून आमच्या सावेडीच्या घरी आल्या. पण आई दुपारपर्यंत पूजेच्या सोवळ्यात असे, आणि दुपारी सिस्टरांना दवाखाना. "पाय गेला तर जाऊ दे, बाई. सोवळं मोडायचं नाही," आई म्हणाली. सिस्टर उंबऱ्याबाहेरच बसल्या. "आजी, तुमचं सोवळं असतं कसं, ते तरी सांगा. आमाला बी नेम हायेत."

आईने सांगितले: स्नान, आणि उंच वाळवलेले, कुणी न शिवलेले वस्त्र. दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी आपला एक पांढरा झगा आमच्या न्हाणीघरात धुतला आणि काठीने आईच्या लुगड्याशेजारी वळणीवर टाकला. पुढे रोज त्या आमच्याकडे स्नान करीत, तो झगा घालीत आणि आईच्या पायाशी गुडघे टेकून क्षणभर डोळे मिटीत.

"काय पुटपुटतेस गं?"

"प्रभूला सांगते, तुझ्याच पायाला हात लावतीय, जपून लावू दे."

आईने पाय स्वतःहून पुढे केला.

एकदा माझ्या पत्नीचा हात त्या झग्याला लागला. आई कडाडली, "माझ्या लुगड्याला शिवली असतीस तर चाललं असतं, सूनबाई. आता तिनं घालायचं काय?"

"असू द्या आजी, पुन्हा धुते की."

"धू. वाळेपर्यंत चहा घे. माझ्याच कपात घे."

पाय वाचला. त्याच पायांनी आई पुढे कितीतरी वर्षे तुळशीला प्रदक्षिणा घालीत होती. सिस्टरांना संतपद लाभावे म्हणून आज ख्रिस्ती बांधव प्रार्थना करतात. तो निर्णय यायचा तेव्हा येवो. आमच्या घरी तो आईने त्या चहाबरोबरच देऊन टाकला होता. शुचितेवरची भाष्ये मी जन्मभर शिकवली, आणि त्यांतले एक माझ्याच घरात रोज गुडघे टेकून बसत असे, याचा मला अभिमान वाटतो.

आई गेली, आता सिस्टरही. झगा मात्र वळणीवर आहे. सणावारी पत्नी स्नान करून तो धुते आणि काठीनेच वर टाकते. वाचकहो, आपल्या घरी आरोग्य नांदो. आणि असा कुणी पावन पाहुणा आलाच, तर आपल्याही वळणीवर त्याच्या वस्त्रापुरती जागा असो.