खांदा, पित्ताशय वगैरे

आमच्या घराण्यात बाईला छाती नसतेच. आईला फक्त खांदा होता. गाठ हाताला लागत असूनही ती "खांदा दुखतोय" म्हणत राहिली. मी बाम चोळत राहिले, माझा नवरा आकुर्डीहून नव्या बाटल्या आणत राहिला. आई गेली. पाठोपाठ मावशीही तशाच दुखण्याने गेली.

पुढे माझ्या रक्ताच्या तपासणीत त्याच कॅन्सरचा आनुवंशिक दोष निघाला. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. आधीच ऑपरेशन केलं तर धोका खूप कमी होतो, पण पूर्ण जात नाही. दरवर्षी तपासण्या करत राहिलं तर आजार टळत नाही, पण लवकर सापडतो. "दोन्ही वाटा बरोबर आहेत. ठरवायचं तुम्ही," त्या म्हणाल्या.

'तुम्ही' म्हणजे मी, हे आमच्याकडे कुणाला पटलं नाही. रविवारी आमच्या निगडीच्या फ्लॅटवर बैठक भरली. नवरा, धाकटा दीर आणि नणंदेचे यजमान. पोहे अर्थात मी केले. "ते ऑपरेशन", "तो भाग", "तसलं काही" असं बराच वेळ चाललं. स्तन हा शब्द एकाच्याही तोंडून फुटेना, आणि निघाले होते त्यांचा निकाल लावायला!

नवरा चाकणला मेंटेनन्समध्ये आहे. मशीन बंद पडायच्या आत पार्ट बदला, म्हणून नव्या पोरांना व्याख्यानं झोडतो. तो म्हणाला, "घाई कशाला? बघत राहू."

"वहिनी, शेवटी बाईचं बाईपण असतं त्यात," दीर म्हणाला.

"कशात?" मी विचारलं. तो पोह्यांतली मिरची शोधू लागला.

लक्ष ठेवायची वाट वाईट नव्हती. माझी एक मैत्रीण त्याच वाटेने बिनघोर चालली आहे. मला मात्र रिपोर्टची वाट बघत जगणं झेपलं नसतं. मी ऑपरेशन ठरवलं. भीती खूप वाटत होती, पण ती बोलायची कुणाजवळ?

ऑपरेशननंतर घरी आले, तेव्हा नवऱ्याच्या शिफ्टमधले दोघे सफरचंदं घेऊन भेटायला आले.

"वहिनी, पित्ताशयात खडे केवढे निघाले?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. रजा मागताना त्याने परस्पर माझं पित्ताशय काढून टाकलं होतं.

"खडे नव्हते, भाऊ. स्तन काढलेत. दोन्ही."

एक जण पंख्याकडे बघू लागला. नवरा पाणी आणायला उठला.

"बसा," मी नवऱ्याला म्हणाले. "आईच्या खांद्याला बाम तुम्हीच आणून देत होतात."