डहाळीचं बटण

नकाशा बनवणाऱ्यांकडे किस्से साचतातच. रस्ता टाकायला जावं, तर रस्त्याबरोबर त्याची गोष्टही येते. रस्त्याला नकाशावर जागा असते, गोष्टीला नसते. मग ती आमच्या डोक्यात मुक्कामाला राहते. माझं डोकं आता गच्च भरलंय, म्हणून तुम्हाला सांगते. रात्री झोप नाही आली तर मला फोन करू नका.

आधी आमची टोळी सांगते. मी चंद्रपूरच्या एका कॉलेजात भूगोल शिकवते. शब्बीरभाईंचं आलापल्लीला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि व्हिडिओ बघून बघून ते कोडिंग शिकलेत. देवाजीभाऊ एसटीचे ड्रायव्हर. आणि वंदना, आरोग्य उपकेंद्रातली नर्स. जगभरातले लोक मिळून भरतात तसा एक ऑनलाइन नकाशा असतो ना, त्याचं आमच्या दोन जिल्ह्यांपुरतं ॲप आम्ही चौघं चालवतो. रंग, चिन्हं, बटणं, लोकांच्या कमेंट, भांडणं, सगळं आमच्याकडे. पगार नाही. चहा शब्बीरभाईंचा.

आम्ही तिघं हौस म्हणून आलो. वंदना मात्र कामासाठी आली होती, आणि ते तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. तिचे बाबा मोहफुलं वेचायला जंगलात गेले ते परतले नाहीत. वाघानं नेलं असं सगळे म्हणतात, पण काही म्हणता काही सापडलं नाही. आमच्याकडे वाघानं ज्याला नेलं, त्याच्या जागेवर येणारा-जाणारा हिरवी डहाळी मोडून टाकतो. त्याचा ढीग होतो. डहाळी पडली की त्या माणसाला कळतं, आपल्याला कोणी विसरलं नाही, आता जायला हरकत नाही. वंदनाच्या बाबांना जागाच नव्हती. त्यामुळे आई अजून कुंकू लावते आणि वाट बघते.

"मले रस्ता नाई पायजे मॅडम," वंदना म्हणाली होती. "मले जागा पायजे."

*

पहिला किस्सा मार्कंड्याच्या बाजूचा. वैनगंगेवर एका मासेमार भाऊंनी पाण्यावरून आडवी रेघ मारली आणि लिहिलं, पायवाट. मी चूक समजून खोडली. त्यांनी परत काढली. मी परत खोडली. शेवटी त्यांचाच फोन आला.

"मॅडम, उन्हाळ्यात पानी आटते तवा आम्ही पायीच जातो जी."

बरोबर होतं त्यांचं. मग शब्बीरभाईंनी खास नवी सोय केली. वाट 'फक्त उन्हाळ्यात' अशी लावता येईल, बाकीचे महिने ती फिकी दिसेल. आम्ही खूश. भाऊंनी मात्र दुसऱ्याच दिवशी ती खूण काढून 'बारमाही' केलं.

मी चिडून फोन केला. "भाऊ, पावसाळ्यात पाण्यावरून कोण चालतं?"

"आम्ही नाई चालत. पन पावलं दिसते."

"पाण्यावर?"

"पान्यावर कशी दिसन? आमच्या काठावर दिसते. पान्यातून निंघून गावाकडं आलेली. तिकडं जानारं एक बी नाई."

मी फोन शब्बीरभाईंकडे दिला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, "जी भाऊ, ठीक है भाऊ," म्हणाले, आणि लॅपटॉप उघडून ती वाट वन-वे केली.

*

लोकांना एकमेकांना सावध करता यावं म्हणून आम्ही सूचनांची चिन्हं केली होती. खड्डा, पूर, अस्वल, तुटलेला पूल. वर एक रिकामी चौकट ठेवली, तुम्हाला आणखी कुठलं चिन्ह हवं ते लिहा. आम्हाला वाटलं लोक पेट्रोल पंप मागतील.

वेगवेगळ्या गावांतून एकच मागणी आली. 'इथी नाव घेऊन हाक मारू नये.'

आम्ही केलं. तोंडावर बोट ठेवलेला चेहरा. धडाधड लावला लोकांनी, नाल्यांवर, खिंडीत, लाकूडतोडीच्या जुन्या कूपांत.

पुण्याहून एक डिझायनर बाई मदतीला आल्या होत्या. हुशार आणि गोड बाई, पण प्रत्येक गोष्टीत पसारा दिसायचा त्यांना. म्हणाल्या, "हे चिन्ह काढून टाकू. याचा युजरला काय उपयोग?" मी म्हटलं, आधी एकदा फिरून तर या. देवाजीभाऊंना सुट्टी होती, ते घेऊन गेले.

भर दुपारी, एका नाल्याजवळ, बाई फोटो काढता काढता मागे राहिल्या आणि त्यांनी हाक मारली, "देवाजीभाऊ!"

नाल्याच्या पलीकडून उत्तर आलं, "ओ... येतो जी."

बाईंनी मान वळवली. देवाजीभाऊ त्यांच्या अगदी बाजूला उभे होते. तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा. त्यांनी फक्त मान हलवून नाही म्हटलं.

बाई त्याच दिवशी पुण्याला गेल्या. आठवड्यानं त्यांचा मेल आला. एकच ओळ होती: चिन्ह थोडं मोठं करता येईल का?

*

देवाजीभाऊंचा आवाज भारदस्त आहे. म्हणून रस्ता सांगायला त्यांचाच आवाज आम्ही घेतला. "समोर मोड हाय, डाव्या हातानं घ्या." "पूल अरुंद हाय, घाई नोका करू." लोक इतके खूश, की रस्ता पाठ असलेलेही फोन लावून ऐकत जायचे. देवाजीभाऊंच्या बायकोनं मात्र बजावलं होतं, घरात हा आवाज लावायचा नाही, एक पुरे आहे.

एकदा सूरजागडकडच्या एका ट्रक ड्रायव्हरची तक्रार आली. त्या बाजूला खाणीच्या गाड्यांनी रस्ते असे बदललेत की जुना माणूस चुकतो. तक्रारीत लिहिलं होतं, टेकडीच्या वळणावर आवाज म्हणतो, "थांबा जी, मानसं ओलांडून राह्यले."

शब्बीरभाईंनी सगळ्या फाइली तपासल्या. असं वाक्यच नव्हतं. देवाजीभाऊंना विचारलं तर ते भडकले. "मी काऊन बोलू असं? तिथी गाव कुठी हाय आता?"

मी ड्रायव्हरला फोन लावला. विचारलं, "मग तुम्ही काय केलं?"

"थांबलो. दिसलं तर कोनी नाई. पन झाडाची सावली पडते ना रस्त्यावर, ते मधी मधी तुटून राह्यली होती. बरेच जन असतील. लेकरं बी असतील, लहान तुटत होती. झाल्यावर मंग निंघालो."

"मग तक्रार कशाची आहे?"

"आवाज बारीक हाय मॅडम. गाडीच्या आवाजात आयकू नाई येत."

*

आता डहाळीचं सांगते. इथं मला हसू येत नाही.

ढिगांसाठी आमच्याकडे चिन्ह नव्हतं, म्हणून लोक नुसताच 'ढीग' लिहायचे. मुख्य नकाशात लांबच्या शहरांतली उत्साही मंडळी घरी बसून साफसफाई करतात. त्यातल्या कुणीतरी आमचे सगळे ढीग एका झटक्यात 'कचरा' या वर्गात टाकले. आमच्या ॲपवर जंगलभर कचराकुंडीची चित्रं उगवली.

तेवढ्यावर थांबलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण एका गावच्या स्वच्छतावाल्यांनी नकाशा बघून ट्रॅक्टर काढला. वंदना त्याच रस्त्यानं लसीकरणाला चालली होती. तिनं गाडी आडवी लावली आणि ट्रॅक्टरपुढे उभी राहिली.

"कचरा उचलून राह्यलो बाई, सरका."

"हा मानूस हाय," ती म्हणाली. "उचलून नेशीन कुठी?"

ट्रॅक्टरवाला खाली उतरला. इकडेतिकडे बघितलं, बाजूच्या झुडपाची डहाळी मोडली, ढिगावर टाकली आणि रिकामा ट्रॅक्टर घेऊन परत गेला. वंदना तिथून थेट दुकानात आली. "ज्याईले जागा हाय त्याईची बी पुसून टाकान का आता?" म्हणाली. मला त्या साफसफाईवाल्यांचा असा राग आला होता, की मी इंग्रजीत लांबलचक भांडले.

शब्बीरभाई भांडले नाहीत. त्यांनी हिरव्या पानाचं चिन्ह काढलं आणि त्याखाली बटण केलं, 'डहाळी टाकली'. बटण दाबलं की नकाशावरचा ढीग थोडा वाढतो. अट एकच, फोन त्या जागेवर असला पाहिजे. घरी बसून दाबलं तर काही होत नाही. रेंज नसली तर फोन लक्षात ठेवतो आणि रेंज आली की पाठवतो. आणि नाव विचारायचं नाही, हा वंदनाचा हट्ट. डहाळी टाकताना कोणी नाव सांगतं का?

लोकांनी ते बटण जिवापाड सांभाळलं. नोकरीसाठी लांब गेलेली पोरं आपल्या माणसाचा ढीग रोज उघडून बघायची, वाढलाय का. वाढला असला की खाली लिहायची, ज्यानं टाकली त्याचं भलं होवो.

वंदनाही रोज नकाशा उघडायची. तिला बघायला काहीच नव्हतं.

*

मग एक दिवस आलापल्लीच्या मागच्या सागवानात एक नवं हिरवं पान दिसलं. तिथं वाट नाही, गाव नाही, गुरंसुद्धा जात नाहीत. कुणीतरी चुकून दाबलं असेल, असं आम्ही म्हणालो. पण ढीग वाढायला लागला. दर थोड्या दिवसांनी एक डहाळी.

मी शब्बीरभाईंना म्हटलं, बघा ना कोण आहे. ते म्हणाले, "मॅडम, नाम पूछना नहीं, हे आपणच ठरवलं ना? माझ्याकडे काहीच येत नाही. बस एवढं दिसतं की फोन तिथंच होता."

वंदनानं बोटांनी नकाशा मोठा केला. मग म्हणाली, "बाबा त्याच अंगाले जात होते मोहाले."

पावसाळा नुकता लागला होता. वनखात्याची परवानगी काढली, एक वनरक्षक सोबत दिला त्यांनी. सकाळीच निघालो आम्ही चौघं. वंदनाची आई अर्धांगानं कित्येक दिवसांपासून खाटेवरच असते, कूस बदलायलाही माणूस लागतं. तिच्या उशाशी वंदनाचा जुना फोन असतो; जवळ शेजारच्या कांताबाईंना बसवलं. कुठे चाललोय ते आईला सांगितलं नाही. उगाच आशा नको.

सागाला नवी पानं आली होती. वनरक्षक पुढे काठीनं गवत दाबत होता. एका उतारावर तो थांबला आणि टोपी काढली.

ढीग होता. माझ्या कमरेएवढा. खालचा भाग कुजून माती झालेला, वर वर वाळलेलं, आणि सगळ्यात वर सागाची कोवळी डहाळी. तिची पानं अजून मलूलसुद्धा झाली नव्हती.

"कोन येते इथी?" देवाजीभाऊंनी विचारलं.

"कोनी नाई," वनरक्षक म्हणाला. "मी बी पहिल्यांदाच येऊन राह्यलो."

चिखलात पावलं फक्त आमचीच होती. ती आम्ही सगळ्यांनीच बघितली.

वंदना खाली बसली. ढिगाच्या बुडाशी मातीत पितळेचं काहीतरी अर्धं रुतलं होतं. तिनं नखानं उकरलं. चुन्याची डबी होती. झाकण तारेनं बांधलेलं. तिनं ती पदराला पुसली. "हे तार मीच बांधून देल्ली होती," म्हणाली, आणि मग मात्र तिला आवरेना. मलाही आवरलं नाही.

शांत झाल्यावर ती उठली, सागाची डहाळी मोडली आणि ढिगावर ठेवली. "बाबा, आली मी. जा आता." आम्हीही एकेक टाकली. शब्बीरभाईंनी दोन्ही हात उचलून दुवा मागितली. सागाचं कोवळं पान चुरगळलं की लालभडक रंग सुटतो. सगळ्यांचे तळवे रंगले. वाटेत ओढ्यावर घासून धुतले, पण तो रंग काही एका धुण्यात निघत नाही.

घरी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. कांताबाई उंबऱ्याशी तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "मी इथूनच हालली नाई व पोरी. माय सकाळपासून निजूनच हाय."

वंदना खाटेजवळ गेली. कसं सांगायचं ते तिला सुचत नव्हतं. पांघरुणाखालून तिनं आईचे दोन्ही हात बाहेर काढले, स्वतःच्या हातात घेतले आणि तशीच थांबली. मी तिच्या खांद्यावरून बघितलं.

आईचे दोन्ही तळवे लाल होते.

आईनं डोळे उघडले. वंदनाकडे बघितलं, मग तिच्या हातांकडे.

"पानी आन पहिले," ती म्हणाली. "तुहे हात धू. मंग माहे बी धुऊन दे."