साहेबांच्या फोननंतरचा सायरन

कोंढा गावी मावशीचा पाय मोडला, तेव्हा आलेल्या अँब्युलन्सच्या ड्रायव्हरांना मी नावही विचारलं नाही. मावशी मागे स्ट्रेचरवर होती आणि मी पुढे त्यांच्या शेजारी. त्यांच्या साहेबांचा फोन सारखा येत होता, तोही स्पीकरवर.

"झोपा काढता का रे? आधी आंधळगावला मी चुकून पाठवलं असेल, पण म्हणून एवढा उशीर?"

"हो साहेब," ड्रायव्हर नम्रपणे म्हणायचे. फोन ठेवला की रिकाम्या रस्त्यावर सायरनचं बटण दाबायचे. धानाच्या बांध्यांतले बगळे उडायचे.

मागून मावशी विचारायची, "मी मरून राहिली का वो?"

"नाही मावशी, साहेबाचा फोन होता," ड्रायव्हर सांगायचे.

मग मला हळूच म्हणाले, "आपण बोललो तं नोकरी जाते ताई. सायरनले कोण काढते?"

पुढच्या फोनवर साहेबांना मी हवी होते. "मॅडम, गाडी उशिरा आली ना? फक्त हो म्हणा, आजच याला घरी बसवतो."

फोनवर बोलायला मी इतकी घाबरते की पिझ्झासुद्धा मागवत नाही. ड्रायव्हर समोर रस्त्याकडे बघत होते, पण गाडीचा वेग कमी झाला होता.

"तुम्हीच त्यांना आधी आंधळगावला पाठवलं होतं," मी कसंबसं म्हणाले. "आत्ताच तुम्ही सांगितलं."

फोन कट झाला. ड्रायव्हरांनी नुसतं बटणाकडे बोट दाखवलं. मी ते बराच वेळ दाबून धरलं.

"आता कोणाचा फोन होता?" मावशीनं विचारलं.

"हा ताईचा होता," ते म्हणाले.