ब्रेकवरचा माझा पाय

ब्रेक दाबला की आमची गाडी थरथरायची. थोडीथोडकी नाही, हीव भरल्यासारखी. स्टेअरिंग हातात नाचायचं, खणातली चिल्लर खुळखुळायची आणि शेजारी बसलेला माझा नवरा दोन्ही हातांनी वरचं हँडल धरून माझ्याकडे बघायचा.

"तुहा पाय लय जड हाय ब्रेकवर," हे त्याचं निदान. गाडी त्याच्या हातातही थरथरायची, पण तेव्हा दोष रस्त्याचा असायचा.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घर आर्णीजवळच्या एका गावात, शाळा तीसेक किलोमीटरवर. पूर्वी दोन बस बदलून जायचे, आणि दुसरी बस तिच्या मर्जीनं यायची. ही जुनी गाडी घेतली आणि रोजचे दोन तास मला परत मिळाले. त्या दोन तासांत मी काय करते, असं कोणी विचारलं की मला राग येतो. काहीही करत नाही. नुसती बसते. तेच तर हवं होतं.

गाडी शिकायची म्हटल्यावर घरात माझ्या बाजूनं एकच माणूस उभा राहिला, माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. "बैल हाकणाऱ्याच्या घरची सून हाय, मोटार कायले नाही चालवनार?" असं ते भर ओसरीवर म्हणाले आणि विषय संपला.

मामाजींचे स्वतःचे बैल तीन वर्षांपूर्वी गेले. वावरात ट्रॅक्टर आला, गोठ्यात माझी गाडी. मामाजींनी एक रीत मात्र सोडली नाही. बैल कामावरून आले की ते आधी त्यांच्या पायांवर पाणी घालत, मगच गव्हाण. तेच आता गाडीला. मी गोठ्याशी थांबले की मामाजी विहिरीच्या पाण्याची बादली घेऊन हजर. पुढच्या दोन्ही चाकांवर पाणी पडायचं, चुर्र आवाज व्हायचा, वाफ निघायची. "पाह्य, कशी तहानली होती," मामाजी म्हणायचे आणि बॉनेटवर थाप मारायचे. मला ते बघायला फार आवडायचं. शाळेतला सगळा वैताग त्या चुर्र आवाजात निघून जायचा.

तर थरथर. शेजारच्या काकूंनी लिंबू-मिरची बांधून दिली. शाळेतल्या एका सरांनी हवा कमी करायला सांगितली, दुसऱ्यांनी वाढवायला. यवतमाळला जाऊन चाकांचं बॅलन्सिंग करून आणलं. गाडी सुरेख चालायला लागली. फक्त थांबवायची नाही.

शेवटी नवऱ्यानं निकाल दिला. "शनिवारपर्यंत थरथर गेली नाही तं किल्ली माह्यापाशी राहीन. तू आपली बसनं जात जाय." मामाजींनी पानातली भाकर अर्धी ठेवली.

शुक्रवारी मी अर्धी रजा टाकून आर्णीच्या मिस्त्रीकडे गेले. पांढऱ्या दाढीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं मला चालवायला लावलं आणि स्वतः शेजारी बसला. मोकळ्या रस्त्यावर "मारा ब्रेक" म्हणाला. मारला. गाडी हिवतापानं फणफणली. मिस्त्री हँडल न धरता निवांत बसून राहिला. तेवढ्यावरच मला तो आवडला.

"मॅडम, पाय तुमचा झकास हाय," तो म्हणाला. हे वाक्य मला लिहून हवं होतं.

मग त्यानं पुढचं चाक काढलं. मागे लोखंडाची चकचकीत थाळी होती, डिस्क म्हणतात ती. ब्रेक हिलाच दोन्हीकडून पकडतो. त्यानं स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्याजवळ स्थिर धरलं आणि थाळी हातानं फिरवली. एका जागी खर्र घासलं, पुढे फट पडली, पुन्हा खर्र.

"वाकली. आता ब्रेक पकडते न् सोडते, पकडते न् सोडते. म्हनून हलते. दुसऱ्या चाकाचीबी तशीच असन, जोडी बदलू." मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "गाडी गरम असताना थंड पानी कोन मारते?"

"कोणी नाही," मी म्हणाले. वर्गातली पोरं म्हणतात तसंच, विचारायच्या आधी. मग आमच्या गावचा उतार डोळ्यांपुढे आला. त्यावर सात गतिरोधक आहेत, गावातल्या प्रत्येक पुढाऱ्याच्या दारी एक. ब्रेक दाबत दाबत घर येतं, आणि घरी मामाजी बादली घेऊन उभे.

डिस्क बदलल्या. गाडी लोण्यासारखी थांबायला लागली. पण येताना मला रडू येत होतं. आपला पाय निर्दोष ठरवायचा तर त्या म्हाताऱ्याचा हात पुढे करावा लागणार होता.

त्या दिवशी मी गाडी मुद्दाम रस्त्यावरच, मामाजींना दिसणार नाही अशी लावली. जेवताना नवऱ्यानं विचारलं, "काय म्हने मिस्त्री?"

"डिस्क वाकल्या होत्या. गरम असताना थंड पाणी पडलं की वाकतात," मी ताटाकडे बघत म्हणाले.

"मंग घातली असशीन कुठल्या डबक्यात!"

"घातली असेन," मी म्हणाले.

मामाजींचा घास हातातच राहिला. "डबकं नाही," ते म्हणाले. "म्या टाकतो पानी. रोज टाकतो." मग मुलाकडे वळून, "तिच्या किल्लीले हात लावू नोको. पाय तिचा बराबर हाय, चूक माही."

नवरा वरणात भात कालवत राहिला. कालवलेलाच होता तो.

शाळेचे पुढचे तीन दिवस बादली विहिरीपाशी पालथी होती आणि मी आल्यावर मामाजी घरातून बाहेर आले नाहीत. गाडी गप उभी राहायची. त्यापेक्षा थरथर परवडली, असं मला खरंच वाटलं.

चौथ्या दिवशी उतार उतरून आले तर मामाजी गोठ्याशी उभे, हातात भरलेली बादली. मी इंजिन बंद करायचं सोडून ओरडले, "मामाजी, थांबा! गरम हाय!"

"माहीत हाय मले," ते म्हणाले. "गाडीले नाही आनलं. तू उतर. चप्पल काढ."

लग्नाला अकरा वर्षं झाली. या दारात मी किती जणांच्या पायांसाठी पाणी ठेवलं असेल, मोजलं नाही. माझ्या पायांसाठी कोणी ठेवलेलं आठवत नाही. मामाजींनी बादली माझ्यापुढे ठेवली, वर तांब्या ठेवला आणि तोंड फिरवून बॉनेटवर हलकी थाप मारली.

"तू थांब जराशी," ते गाडीला म्हणाले, "आधी तिचे होऊ दे."