मोठ्या बाबांचे गुडघे

आमच्या मोठ्या बाबांच्या गुडघ्यांवर जितके उपचार झाले, तितके भाईंदरच्या खाडीच्या या काठावर दुसऱ्या कुणाच्याही गुडघ्यांवर झाले नसतील, हे मी छातीठोकपणे सांगू शकते. मोठे बाबा म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले काका. माझे सासरे गेले तेव्हा नवरा चौथीत होता. पुढे त्याला वाढवलं, शिकवलं ते यांनीच. स्वतःला मूलबाळ नव्हतं, बायकोलाही जाऊन बरीच वर्षं झालेली. मिठागराच्या खाऱ्या पाण्यात आणि चिखलात उमेदीची सगळी वर्षं घालवल्यावर सत्तरीत गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली, आणि डॉक्टरांनी संधिवात म्हणून सांगितल्यावर मोठे बाबा खचण्याऐवजी कामालाच लागले. दोन गुडघ्यांना ते दोन वेगळी माणसं समजत. उजवा समजूतदार, डावा थोरल्या जावयासारखा, कधी कशावरून रुसेल त्याचा नेम नाही. "कसं वाटतंय आज?" असं विचारलं की म्हणत, "उजवा बरा हाय. डाव्याला मात्र आज कोणाशी बोलायचं न्हाय."

निर्गुडीचा पाला त्यांना चेणे गावचाच लागे. आमच्याकडची निर्गुडी गाड्यांचा धूर खाऊन आळशी झालेली असते, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे काठी टेकत ते बसने घोडबंदर रस्त्याने चेण्याला जात आणि पिशवी भरून पाला आणत. घरी पोचेपर्यंत पिशवी अर्धी झालेली असे, कारण बसमध्ये कुणी उठताना नुसतं कण्हलं तरी हे त्याच्या हातात चार फांद्या ठेवून पाला कसा उकळायचा, शेक किती वेळ घ्यायचा, हे सांगत बसत. एकदा तर कंडक्टरच्या सासूसाठी सगळा पाला देऊन रिकामी पिशवी घडी करून परतले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. शेकायला मीठ लागे तेही खडेमीठच, तव्यावर भाजून धोतराच्या जुन्या फडक्यात बांधलेलं. मी एकदा घाईत घरातलं बारीक मीठ दिलं, तर त्यांनी ते चिमटीत धरून माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "याला ऊन लागलेलंच न्हाय गो. हे काय शेकणार?"

गावातलं त्यांचं जुनं घर पाडून नवं बांधायला घेतलं, तेव्हा वर्षभरासाठी ते बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या फ्लॅटवर राहायला आले. पंधरा दिवसांत अख्खी सोसायटी त्यांच्या ओळखीची झाली, पण चेहऱ्यांनी नाही, गुडघ्यांनी. माणूस समोरून आला की आधी त्यांची नजर त्याच्या पायांवर जाई आणि मग सवड मिळाली तर तोंडाकडे. नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. "तो जिना आडवा उतरतो तो" किंवा "ती लिफ्टमध्ये एका पायावर उभी राहते ती", एवढ्यावर त्यांचं भागे. खालच्या बाकावर संध्याकाळी त्यांचा दवाखानाच भरे. पाचव्या मजल्यावरच्या गुजराती बाईंना ते सांगताना मी ऐकलंय, "बेन, मेथी रात को भिगाने का, सुबह चावून खाने का. और जमीन पे बैठने का नहीं. मैं बैठता है तो उठाने को दो आदमी लगता है."

पण गोळ्यांच्या बाबतीत हा माणूस कमालीचा शिस्तीचा होता. सूज चढली तरच दुखण्याची मोठी गोळी, तीही जेवणानंतर, सोबत पित्ताची गोळी, आणि पाच दिवसांच्या वर नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. ते कॅलेंडरवर पाच रेघा मारून ठेवत आणि सहाव्या दिवशी उरलेली पाकिटं स्वतः माझ्या हातात आणून देत. "गोळी म्हणजे पाव्हणा. जास्त दिवस राहिला का घर खातो," म्हणत. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा व्यायामही डॉक्टरांनीच दिलेला. तो ते रोज सकाळी मोठ्याने आकडे मोजत करत आणि डावा पाय वर गेला नाही तर मधले दोन-तीन आकडे गाळत. बाकी सगळा भार तेलावर. ओवा आणि लसूण घालून उकळलेलं तिळाचं तेल, दिवसातून दोनदा.

इथपर्यंतचं मी कुणालाही हसत सांगते. पुढचं सांगायला मला लाज वाटते, आणि वाटायलाच हवी.

मी बँकेत काम करते. एकदा ऑफिसला जाताना शेअर रिक्षात शेजारी बसलेल्या माझ्या सहकारी मैत्रिणीने नाक पुढे केलं आणि सहज विचारलं, "तुझ्या ओढणीला लसणाचा वास येतोय का गं?" त्याच आठवड्यात आमचे नवे मॅनेजर आणि ऑफिसची मंडळी रविवारी आमच्याकडे जेवायला येणार होती. मी घरी येऊन पडदे धुवायला काढले, उदबत्त्या लावल्या आणि मोठ्या बाबांसमोर उभी राहिले.

"बाबा, थोडे दिवस तेल बंद ठेवाल का? घरभर वास मारतो. माझ्या कपड्यांनासुद्धा."

ते टीव्ही पाहत होते. त्यांनी आधी स्वतःच्या हातांचा वास घेऊन पाहिला. "मना येतच न्हाय बघ," म्हणाले, आणि मग लगेच, "बंद. आजपासनं बंद. त्यात काय."

तिसऱ्या दिवशी त्यांना सोफ्यावरून उठवेना. मला कामावर निघायचं होतं. माझ्या कपाटात पाठदुखीसाठी आणलेल्या गोळ्यांचं एक पाकीट होतं, चांगल्या जोरदार. ते मी त्यांच्या हातात दिलं.

"जेवल्यावर ना? किती दिवस?" त्यांनी विचारलं.

मी चप्पल घालत होते. "दुखेल तेव्हा घ्या हो," मी म्हटलं, आणि लिफ्ट गाठली.

रविवारचं जेवण झकास झालं. मोठे बाबा पांढरा शर्ट घालून कोपऱ्यात बसले होते. मॅनेजरांच्या गुडघ्यांकडेही त्यांनी पाहिलं नाही. पाहुणे गेल्यावर मी त्यांना 'आता तेल लावा' असं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. घराला छान वास येत होता. पाकीट संपलं तेव्हा मीच येताना वाटेवरच्या हाटकेश भागातल्या मेडिकलमधून दुसरं आणलं, आणि मग तिसरं. ते जेवण कमी करू लागले, खालच्या बाकावर जाईनासे झाले. मला ते दिसत होतं. मी वयावर ढकललं.

एका सकाळी ते बाथरूमच्या दारात चक्कर येऊन कोसळले. शौचाला डांबरासारखं काळं होत होतं, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. चार दिवसांपासून होत होतं. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, पोटात जखम होऊन रक्त जातंय, दुखण्याच्या गोळ्यांनी असं होतं. रक्ताच्या दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. डॉक्टरांनी विचारलं, "या गोळ्या यांना कोणी दिल्या?"

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते, नवरा माझ्या शेजारी. मोठ्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही, आणि डॉक्टरांना म्हणाले, "मीच आणल्या. दुखायचं थांबलं म्हणून घेत सुटलो."

नवरा चिडला. "एवढं शिस्तीचं कौतुक सांगता आणि चोरून गोळ्या खाता? आम्हाला विचारायचं तरी." मोठे बाबा "चुकलं" म्हणाले. मी पाण्याची बाटली भरून आणायला बाहेर गेले. बाटली भरलेलीच होती.

ते बरे झाले, घर पूर्ण झाल्यावर गावी राहायला गेले. मात्र हा किस्सा घरात मुरला. लग्न असो की बारसं, कुणीतरी सांगणार: मोठ्या बाबांनी लपून गोळ्या कशा खाल्ल्या, आणि मग सगळे हसणार, मोठे बाबाही हसणार. दीड वर्ष मी त्या हसणाऱ्यांत बसत होते.

गेल्या महिन्यात एका रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो. ठरल्यापेक्षा तासभर आधी पोचलो. नवरा गाडी लावत होता, मी मागच्या दाराने आत शिरले. मोरीशेजारी मोठे बाबा स्टुलावर बसले होते आणि साबणाने दोन्ही गुडघे घासत होते. पुन्हापुन्हा घासत होते, आणि हात नाकाशी नेऊन हुंगत होते. मला पाहून ओशाळले. "तू आज लवकर आलीस व्हय?" म्हणाले, आणि धोतर खाली ओढलं.

जेवताना नवऱ्याने शेजारून आलेल्या पाहुण्यांना तोच किस्सा सांगायला घेतला. तो 'चोरून' या शब्दापर्यंत आला तेव्हा मी म्हटलं, "चोरून नाही. मी दिल्या होत्या. तिन्ही पाकिटं मी आणली. तेलही मीच बंद करायला लावलं होतं."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. मोठे बाबा ताटाकडे बघत होते, जणू पकडले गेले होते ते. शेवटी त्यांनीच आमटीचं भांडं पाहुण्यांकडे सरकवलं. "तिला कामाला जायची घाई होती," म्हणाले. "वाढून घ्या तुम्ही."

मी ताटावरून उठले. थोड्या वेळाने परत निघालो. आम्ही घरात शिरतोय तोच त्याचा फोन वाजला. पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. "तिला काय बोलू नको," मोठे बाबा सांगत होते. "माझंच पोट नाजूक हाय." मग म्हणाले, "तिला दे जरा."

मी फोन घेतला. मला माफी मागायची होती, शब्दही जुळवले होते. पण त्यांनीच आधी विचारलं, "जेवलीस का गो?"

"जेवले," मी म्हटलं. जेवले नव्हते.

त्यांना ते कळलं असावं. त्यांनी फोन ठेवला नाही, आणि मीही ठेवला नाही.