एप्रिलमध्ये उतू जाणारी माया

सिंगापूरच्या चोआ चू कांगमधल्या आमच्या मराठी ग्रुपने इथलाच पासपोर्ट घेतलाय. एरवी मुलं कोण सांभाळतं, याचा नवरे मंडळींना पत्ता नसतो. एप्रिलमध्ये टॅक्स भरायची वेळ आली, की सगळे एकदम बालसंगोपनतज्ज्ञ! किस्से इतके साठलेत, की कुठला कुणाला सांगितलाय तेच आठवत नाही.

*

मुलांसाठी ठेवलेल्या बाईची सरकारला लेव्ही, म्हणजे दरमहा कर, भरावी लागते. तिची टॅक्समधली सवलत मात्र फक्त बायकोला! हे कळल्यावर आमचा शैलेश भडकला. "लेव्ही माझ्या खात्यातून जाते! हा पुरुषांवर अन्याय आहे!"

त्याची बायको मंजिरी शांतपणे म्हणाली, "बरं. त्या बाईचं नाव सांग."

शैलेशने किचनकडे वळून हाक मारली, "हॅलो!" दोन वर्षं तो तिला "हॅलो" म्हणून हाक मारत होता!

*

पुढच्या वर्षी शैलेशला शोध लागला, की आजी नातवंडाला सांभाळत असेल तर नोकरी करणाऱ्या आईला आणखी सवलत मिळते. यांची आजी पुण्यात! स्काइपवर नातवाला गोष्ट सांगायची, तेवढंच.

"अरे, आजी सिंगापूरमध्ये राहायला हवी," मी म्हटलं.

"स्क्रीन इथेच आहे ना!"

*

दुसरा नग म्हणजे मंदार. पाहुण्यांपुढे लेकीला उभं करून म्हणायचा, "ही आमची टॅक्स रिलीफ!" आणि स्वतःच हसायचा. एकदा पोर इथल्या सिंगापुरी इंग्रजीत वैतागली.

"बाबा, आय ॲम नॉट रिलीफ लाह! आय ॲम ईरा!"

त्या दिवशी पहिल्यांदा बाकीचे हसले.

*

ईराला सांभाळायला मंदारची आई, सुधाकाकू, नाशिकहून आल्या. सहा महिन्यांसाठी म्हणून आल्या, त्या राहूनच गेल्या. मंदार आणि त्याची बायको केतकी सकाळीच ऑफिसला पळायचे. मग शाळा, डबा, ताप, हट्ट, सगळं काकूंच्या गळ्यात. वर मंदार चारचौघांत सांगायचा, "आईला काय, इथे आरामच आहे!"

एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले होते. मंदार डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून केतकीचं रिटर्न भरत होता. काकू पोळ्या लाटता लाटता ईराला भरवत होत्या.

"आई," मान वर न करता त्याने विचारलं, "आजीच्या सवलतीसाठी इथे विचारलंय, तू काही काम करत नाहीस ना?"

काकूंनी गॅस बंद केला. लाटणं त्याच्या कीबोर्डवर ठेवलं. सोफ्यावर जाऊन पाय वर घेऊन बसल्या.

"आत्तापासून नाही. लिही."