मध्ये आलेलं गवत

साडेआठ वाजून गेले तरी माळढोकीण अंड्यावर परतली नव्हती. कर्जतजवळच्या माळावर घोंगड्यांच्या आडोशात मी उजाडायच्या आधीपासून अडकून पडलो होतो. पंधरा पावलांवर उघड्या जमिनीवर एकच अंडं. हा पक्षी घरटं बांधत नाही आणि एका खेपेला बहुधा एकच अंडं घालतो. भाद्रपदाचं ऊन चढत होतं. वर दोन कावळे घिरट्या घालत होते.

लढाईचे दिवस होते. मी नगरच्या एका स्टुडिओत नोकरीला होतो. लष्करातल्या एका कॅप्टनला पक्ष्यांचा नाद. त्याला अंड्यावर बसलेल्या माळढोकिणीचा फोटो हवा होता, पण पक्षी बिथरता कामा नये, ही पहिली अट. मालकांनी मला पाठवताना बजावलं, "प्लेटा मिळत नाहीत. तीन देतोय. एक तरी स्वच्छ फोटो आण." प्लेट म्हणजे काच. एका काचेवर एकच फोटो.

मी घाई केली नव्हती. आडोसा पहिल्या दिवशी लांब उभा केला, मग रोज थोडा पुढे सरकवला. ती सरावली होती. त्या दिवशी पहाटे ती चरायला गेली आणि मी कॅमेऱ्यातून पाहिलं, तर अंड्यापुढे गवताचे झुबके. स्टुडिओत गिऱ्हाईक बसवण्याआधी मागचा तांब्या, कुणाच्या चपला, सगळं हलवायचं, ही दहा वर्षांची सवय. बाहेर आलो, विळ्याने गवत साफ केलं आणि स्वतःवर खूश होऊन परत आत बसलो.

ती तासाभरात आली. चाळीस पावलांवर थांबली, मान उंच केली, पाहिलं, मागे फिरली. असं तीनदा झालं. भिंग चमकत असेल म्हणून मी त्यावर फडकं ओढलं. मुंग्या चावत होत्या, तरी हललो नाही. बाहेर पडावं तर ती कायमची जाईल, न पडावं तर अंडं उन्हात शिजेल. घड्याळ काढत होतो, ठेवत होतो.

तेवढ्यात ठकूबाई मेंढ्या घेऊन आली. ही जागा तिनेच दाखवली होती. मेंढ्या रोजच्याच, त्यांना माळढोकीण भीत नाही. मेंढ्या आडोशाभोवती आणून, दुसरीकडेच बघत ठकूबाई बोलली.

"गवात कुनी कापलं?"

"मी, मावशी. मध्ये येत होतं."

"तुज्या मदी येत हुतं. तिला त्योच आडुसा हुता. आता न्हाई बसायची ती."

मी फोटोचं काहीतरी पुटपुटलो. ती म्हणाली, "फोटू ऱ्हाऊ दे. आदी तू भाईर ये."

मग तिने कापलेलं गवत मूठमूठ घेऊन परत जमिनीत खोचलं, बुडाशी खडे लावले. मी भिंगावरचं फडकं काढलं आणि कॅमेऱ्याच्या झडपेला लांब दोरी बांधली. झडप उघडून मिटली की फोटो निघतो. अंगावर घोंगडी घेऊन, मेंढ्यांच्या मधून, चार पायांवर रांगत मी दूरच्या बाभळीमागे गेलो. मालकांनी तेव्हा मला पाहिलं असतं तर नोकरी गेली असती.

अर्ध्या तासाने माळढोकीण आली. थांबली. आणि बसली. मला रडूच आलं. ती नीट स्थिरावेपर्यंत थांबलो आणि दोरी एकदाच ओढली. तिने मान वळवली, पण उठली नाही. उरलेल्या दोन प्लेटा तशाच परत आणल्या. प्लेट बदलायला तिच्याजवळ जाणं आलं असतं.

फोटोत तीन हिस्से गवत आणि त्यात एक मान, एक डोळा. "हा गवताचा फोटो आहे," मालक म्हणाले. कॅप्टनने भिंग लावून बराच वेळ पाहिला आणि घेतला. पक्षी उठला का, एवढंच विचारलं.

महिन्याभराने ठकूबाईला एक प्रत द्यायला गेलो. पिल्लू आईमागं हिंडतंय, हे तिने आधी सांगितलं. मग फोटो उलटसुलट करून पाहिला. मी बोट ठेवून मान दाखवली.

"आसंच दिसतंय ते पाखरू," ती म्हणाली. "म्हनून तर वाचतंय."

पुढे कुणाच्याही दारातलं काही हलवण्याआधी विचारायची मला सवय लागली. त्यामुळे माझे फोटो गचाळ येतात, असं मालक शेवटपर्यंत म्हणत. येत असतील.